कणगीचा तळ : खोडाळ्यातली बेगमी आणि ‘खावटी’ या शब्दाचा इतिहास

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक प्रश्नावली तयार केली होती. तिच्यात सातवा प्रश्न असा होता : ‘तुमच्या घरी वर्षभर पुरेल इतका धान्यसाठा आहे का? हो / नाही.’ ही प्रश्नावली घेऊन मी मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या आसपासच्या पाड्यांवर गेले. कसाऱ्याला लोकलमधून उतरायचं, विहीगावच्या रस्त्यानं वर चढत खोडाळा गाठायचं आणि पुढे चालत. पिशवीत धान्याची आर्द्रता मोजायचं यंत्र, नमुन्यांच्या पिशव्या आणि चाळण्या. माझा विषय साठवणीतल्या धान्याला लागणारी कीड. माझी मूळ शिकवण विज्ञानाची, इतिहासाची नाही.

एका घरात आजींनी सातवा प्रश्न ऐकला, कोपऱ्यातल्या कणगीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “भरली तवा होता, बाय.”

आता यावर ‘हो’ची खूण करायची की ‘नाही’ची? मी दोन्ही चौकटी मोकळ्या ठेवल्या. परत येताना बसमध्ये विचार करत होते आणि लक्षात आलं की आजींनी माझ्या गृहीतकातली चूक एका वाक्यात दाखवली होती. साठा ‘असतो’ असं मी धरून चालले होते. त्यांच्या लेखी साठा भरतो आणि उतरतो, आणि खरा प्रश्न तो कधी, किती वेगानं आणि कुणाकडे उतरतो हा आहे. या लेखात मी त्या उतरण्याचा इतिहास सांगणार आहे. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर मध्येमध्ये माझ्या चुकाही वाचा; त्या फुकट मिळतायत.

बेगमी हा शब्द

घरात लागणाऱ्या वस्तू संपायच्या आधी भरून ठेवणं, याला मराठीत ‘बेगमी’ हा नेमका शब्द आहे. कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला ‘आगोट’ म्हणतात, आणि आगोटीची तयारी म्हणजे तांदूळ, डाळी, मीठ, मिरची, सुकी मासळी, लाकूडफाटा हे सगळं पहिल्या सरीच्या आत घरात घेणं. गोव्यात याच तयारीला ‘पुरुमेंत’ म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’वरून आला. घाटावर धान्य पेवात नाहीतर बळदात जायचं. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्धच आहेत.

एवढे शब्द का तयार झाले? कारण आपल्याकडे वर्ष सरळ रेषेत चालत नाही. पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो. पीक बहुतेक ठिकाणी एकदाच येतं आणि पोट मात्र रोज लागतं. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात हे जास्तच खरं. इथे पाऊस धो धो पडतो, पण उतारावरची माती तो धरत नाही. कोरडवाहू खरिपाचं एक पीक : खाचरात भात, वरकस उतारावर नागली आणि वरई, थोडा उडीद, तूर आणि खुरासणी. कार्तिक-मार्गशीर्षात धान्य घरात येतं. ते पुढच्या कार्तिकापर्यंत पुरवायचं. सगळ्यात अवघड काळ आषाढ-श्रावणाचा. शेतात आवणीचं जड काम, अंगाला जास्त अन्न हवं, आणि कणगी नेमकी तेव्हाच तळाला गेलेली. भूक आणि श्रम एकाच महिन्यात येतात, ही इथल्या बेगमीची मूळ अडचण.

कणगीचं विज्ञान

कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली, आतूनबाहेरून शेणमातीनं लिंपलेली उंच टोपली. मी शहरातून गेलेली, त्यामुळे माझं पहिलं मत असं होतं की यात कीड भरपूर लागत असणार. माझ्या संशोधनाचं गृहीतकच ते होतं : पारंपरिक साठवणीत धान्याची नासाडी होते, म्हणून धान्य लवकर संपतं, साठवण सुधारली की टंचाई कमी होईल.

नमुने चाळले तेव्हा पहिला धक्का बसला. नागलीत किडे जवळजवळ नव्हतेच. नंतर वाचताना कारण कळलं, आणि ते फार सुंदर आहे. तांदळातला सोंडकिडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो. अळी त्या एकाच दाण्यात वाढते आणि पूर्ण किडा होऊनच बाहेर पडते. म्हणजे दाणा हेच तिचं घर आणि तोच तिचा शिधा. नागलीचा दाणा मोहरीएवढा. त्यात अळीला पुरेशी जागाही नाही आणि पुरेसं खाणंही नाही. म्हणून नीट वाळवलेली नागली वर्षानुवर्षं टिकते. भातही टरफलासकट साठवतात, कारण टरफल शाबूत असेपर्यंत सोंडकिड्याला आत शिरणं अवघड जातं. कांडून तांदूळ केला की मात्र धोका सुरू होतो. त्यामुळे गरजेपुरतं कांडायचं, बाकीचं भात म्हणूनच ठेवायचं.

कडधान्यात राख मिसळतात, त्यालाही कारण आहे. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडतात. मग अंगातलं पाणी उडून जातं आणि किडा वाळून मरतो. कणगीचं शेणमातीचं लिंपण फटी बुजवतं. चूल जवळ असली तर धूर आणि ऊब पावसाळ्यातली ओल कमी ठेवतात.

शिवाय कणगीला देवत्व आहे. वारल्यांची कणसरी ही धान्याची देवी. तिचा मान राखल्याशिवाय नवं धान्य खायचं नाही, अशी रीत आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे वरवर श्रद्धेचं प्रकरण वाटेल. पण परिणाम पाहा : अर्धवट वाळलेलं नवं धान्य घाईनं खाण्यावर आणि कणगीत हात घालण्यावर एक बंधन येतं. रीत या कारणासाठीच सुरू झाली, असा दावा मी करणार नाही. परिणाम सांगणं वेगळं आणि उगम सांगणं वेगळं. दोन्हींत गल्लत केली की व्हायवात पहिला प्रश्न तिथेच येतो.

तर माझं गृहीतक असं ढासळलं. साठवण उत्तम होती, तरी कणगी रिकामी होत होती. कीड खात नव्हती, मग धान्य जात कुठे होतं?

माप : पायलीतली पंचाईत

धान्य कुठे जातं हे शोधायचं तर आधी ते मोजलं पाहिजे. इथे मी दुसऱ्यांदा अडकले. जुन्या घरांतून आजही पायलीची भाषा चालते. दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली. पायलीवर मण आणि वीस मणांची खंडी. पण किती पायल्यांचा मण, हे प्रदेशागणिक बदलायचं. देशभर मेट्रिक मापं आणणारा कायदा १९५६ साली झाला, आणि पुढच्या काही वर्षांत किलो-लिटर टप्प्याटप्प्यानं बाजारात आले. त्याआधीच्या कागदात नुसता ‘मण’ दिसला आणि तुम्ही त्याला थेट किलोनं गुणलंत, तर पुढचं सगळं गणित चुकतं.

दुसरी गोष्ट, पायली हे आकारमानाचं माप आहे, वजनाचं नाही. एक पायली नागली आणि एक पायली भात यांचं वजन सारखं नसतं. नागलीचे दाणे दाटीनं बसतात, भातात टरफल आणि हवा जास्त. तिसरी गोष्ट तर मराठी माणसानं लाजावं अशी : आपल्या भाषेत ‘भात’ म्हणजे शेतातलं पीक, टरफलाचं धान्य आणि ताटातलं अन्न, तिन्ही. १०० किलो भात कांडला की साधारण ६५ किलो तांदूळ हाती येतो. माझ्या पहिल्या वीसेक नोंदींत लोकांनी सांगितलेला ‘भात’ टरफलाचा होता की कांडलेला, हे मी विचारलंच नव्हतं. त्या नोंदी मला बाद कराव्या लागल्या. गाईडसरांनी एवढंच विचारलं, “मग परत कधी जाताय?”

मापाचा एक सामाजिक इतिहासही आहे. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं, ही पद्धत महाराष्ट्रात अनेकांना माहीत असेल : लाभ, दोन, तीन... मोजणीची सुरुवात शुभ शब्दानं. तशीच घरातली वस्तू ‘संपली’ म्हणायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त; बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणतो, त्यातलाच प्रकार. पण जिथे मापणारा एक आणि धान्याचा धनी दुसरा, तिथे मापाला वेगळा अर्थ येतो. देताना एक पायली आणि घेताना दुसरी, हा सावकारी अनुभव डोंगरपट्ट्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात हमखास येतो.

कणगीबाहेरची कोठी

प्रश्नावलीतली तिसरी चूक म्हणजे मी फक्त घरातला साठा विचारला. जव्हार-मोखाड्यातल्या माणसाची निम्मी कोठी घराबाहेर, रानात असायची. पावसाच्या तोंडाला शेवळं, पहिल्या पावसानंतर कोळीभाजी, कवळा, लोत, मग बांबूचे कोंब, ओढ्यातले खेकडे आणि मासे. आवणीच्या उपाशी दिवसांत कडूकंद : चिरायचा, उकळायचा, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडवटपणा आणि विषारीपणा घालवायचा, मग खायचा. या भाज्यांचं वेळापत्रक पाहिलंत तर दिसेल की धान्य तळाला जातं तेव्हाच रान भरतं. कणगी आणि रान मिळून एक बेगमी पूर्ण होत होती.

वसंतात मोह. मोहाची फुलं वाळवून ठेवायची, भाजून खायची, पिठात घालायची. बियांचं तेल काढायचं. वाळलेली फुलं चांगली टिकतात, त्यामुळे ती खऱ्या अर्थानं साठवणीची वस्तू.

आणि इथे कायदा येतो. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या. भाताच्या रोपांसाठी झाडांच्या फांद्या तोडून राब जाळण्यावरून ठाणे जिल्ह्यात इतका वाद झाला की १८८० च्या दशकात मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. मग १८९२ मध्ये ‘म्हौरा’ कायदा आला. ‘म्हौरा’ म्हणजे मोहाचं फूल. बेकायदा दारू गाळली जाते या कारणानं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करणं आणि बाळगणं यांवर बंधनं घातली गेली.

सरकारच्या लेखी ही अबकारी महसुलाची बाब होती. चुलीपाशी बसून पाहिलं तर अन्नसाठ्यातली एक वस्तू घरात ठेवणं हाच गुन्हा ठरत होता. अबकारी कायद्यांच्या यादीत हा कायदा शोधाल तर तो दारूबंदीच्या इतिहासाचा भाग दिसेल. तोच कायदा स्वयंपाकघरातून वाचलात तर तो भुकेच्या इतिहासाचा भाग होतो. कागद एकच, तो कुठे बसून वाचायचा हे ठरवणं संशोधकाचं काम.

खावटी

आता मुख्य शब्दाकडे. ‘खावटी’ म्हणजे खाण्यासाठी घेतलेलं उसनं धान्य. बी-बियाण्यासाठी घेतलेलं धान्य वेगळं, खावटी वेगळी. आषाढात कणगी संपली की सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून धान्य आणायचं आणि सुगी आली की वाढीसकट परत द्यायचं. दीडपट परत द्यायचं असेल तर ‘दीडी’. दर गावोगाव, माणसागणिक वेगळे असायचे, दुपटीपर्यंत जायचे.

दीडपट ऐकायला फार वाटत नाही. म्हणून एक साधं गणित करू. आकडे माझे, कल्पित. फक्त तर्क दाखवण्यासाठी. समजा एका घराला वर्षाला १२ मण धान्य लागतं आणि पिकतं १० मण. तूट फक्त २ मण.

पहिलं वर्ष : २ मण खावटी घेतली. सुगीला ३ मण द्यायचे.
दुसरं वर्ष : १० मण आले, ३ गेले, उरले ७. तूट ५. खावटी ५ मण, द्यायचे साडेसात.
तिसरं वर्ष : १० मधून साडेसात गेले, उरले अडीच. तूट साडेनऊ. द्यायचे सव्वाचौदा.
चौथं वर्ष : पीक १० मण, देणं सव्वाचौदा. सगळं पीक खळ्यावरूनच गेलं, वर सव्वाचार मण बाकी.

दोन मणांच्या तुटीतून तीन वर्षांत घर पिकासकट गेलं. यानंतर फेडायला उरते जमीन, नाहीतर अंग. कीड काय खाणार? धान्य कणगीत पोचतच नव्हतं. मी चाळणी घेऊन घराच्या आत शोधत होते आणि गळती खळ्यावर होती.

आता एक प्रामाणिक तपासणी. याच गणितात व्याज शून्य धरलं तर? चौथ्या वर्षी देणं ६ मण येतं. म्हणजे व्याज नसतं तरी तूट साचतच राहते. व्याज फक्त तिचा वेग भयंकर वाढवतं. मूळ तूट भरायला वेगळं काहीतरी लागतं : रानातलं अन्न, मजुरी, किंवा जास्त जमीन. रान कायद्यानं आकुंचित झालं, जमीन आधीच हातून जात होती, म्हणून मजुरी उरली. तीही बरेचदा वेठीची. हे तीन धागे एकत्र ठेवल्याशिवाय खावटी समजत नाही. ‘सावकार वाईट होता’ एवढ्यावर थांबलात तर अर्धंच कारण हाती लागतं.

कोणी काय लिहून ठेवलं

ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर १८८२ साली निघालं. त्या काळी मोखाडा हा शहापूर तालुक्यातला पेठा होता आणि शेजारचं जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान. म्हणजे खोडाळा इंग्रजी मुलखात आणि थोडं पलीकडे गेलं की संस्थानी मुलूख. कागदपत्रं शोधताना हे लक्षात ठेवा, कारण दोन्हींची दफ्तरं वेगळी. जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आलं, आणि १ ऑगस्ट २०१४ ला हा सगळा भाग नव्या पालघर जिल्ह्यात गेला. शंभर-सव्वाशे वर्षांत खोडाळा जागचं हललं नाही, पण त्याचे कागद हलत राहिले.

गॅझेटिअर उपयोगी आहे : पिकं, पाऊस, मापं, जातीजमातींची वर्णनं. पण त्या काळच्या सरकारी लिखाणात डोंगरातल्या माणसांबद्दल एक सूर वारंवार लागतो : हे लोक उद्याचा विचार करत नाहीत, आलं की उडवतात, पितात. आता वरचं गणित आठवा. ज्याचं पीक खळ्यावरून जाणार आहे, त्याला उद्यासाठी राखून ठेवण्यात काय अर्थ? राखलेलं सगळ्यात आधी जप्त होणार. ज्याला लिहिणारा उधळेपणा म्हणतो, तो त्या परिस्थितीत हिशेबी वागणं असू शकतो. मला हे सांगताना जरा संकोच वाटतो, कारण माझं ‘साठवण सुधारा’ हे गृहीतकही त्याच सुराचं होतं, फक्त शब्द वैज्ञानिक होते. दोष घराच्या आत आहे, हे मीही मनात धरूनच निघाले होते.

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई सरकारनं डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडे आदिवासी भागांची चौकशी सोपवली. त्यांच्या अहवालात कर्ज आणि वेठ यांबद्दल सरकारी माणसाकडून अपेक्षित नसलेलं स्पष्ट बोलणं आहे. मग १९४५ मध्ये वारल्यांचा उठाव झाला. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेच्या कामासाठी तलासरी-डहाणू भागात होते. वेठ बंद, लग्नगडी पद्धत बंद, मजुरीला दर, या मागण्या होत्या. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये आलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लग्नासाठी कर्ज घेतलं म्हणून जन्मभर राबणारा लग्नगडी त्या पुस्तकात भेटतो. खावटी आणि लग्नाचं कर्ज, दोन्ही वाटा शेवटी एकाच दारात जातात.

गॅझेटिअर, अहवाल आणि पुस्तक हे तीन स्रोत, लिहिणारे तीन प्रकारचे. एकही लिहिणारा स्वतः आषाढात कणगी खरवडणारा नाही. ही मर्यादा मान्य करून तिघांना शेजारी ठेवायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

सावकाराची खावटी सरकारकडे

पुढचा टप्पा रंजक आहे. आदिवासींच्या आर्थिक स्थितीत सुधारणा करण्यासाठी राज्यानं १९७६ मध्ये कायदा केला. आदिवासी विकास महामंडळ १९७२ मध्येच स्थापन झालं होतं. त्याच्याकडे एकाधिकार खरेदी आली आणि १९७८ पासून खावटी कर्ज योजना. सरकारनं सावकाराची पद्धत मोडायची म्हणून त्याचाच शब्द उचलला. ज्या शब्दात घरं बुडाली, तोच शब्द फॉर्मच्या माथ्यावर छापला गेला. पावसाळ्यात उपासमार होऊ नये म्हणून धान्य आणि थोडी रोकड, नंतर परतफेड.

तरीही १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी इथे कुपोषणानं बालमृत्यू झाले आणि हा भाग राज्यभर बातम्यांत आला. १९९५ मध्ये नवसंजीवन योजना सुरू झाली. आरोग्य, रोजगार हमी, पाणी, धान्यपुरवठा या वेगवेगळ्या खात्यांच्या कामांची पावसाळ्याआधी एकत्र तयारी करायची, ही तिची कल्पना. म्हणजे सरकारनं केलेली आगोटीची बेगमीच! तिच्यासोबत गावपातळीवर धान्यकोष ही कल्पनाही आली. केंद्राची ग्रेन बँक योजना १९९६-९७ ची. गावानं सामायिक साठा ठेवायचा, अडचणीत उसनं न्यायचं, सुगीला थोड्या वाढीसह परत करायचं. वरच्या गणितात १० टक्के वाढ धरून पाहा : चौथ्या वर्षी देणं सव्वाचौदाऐवजी साधारण सव्वासात येतं. घर लगेच बुडत नाही, पण तूट तशीच राहते. म्हणून धान्यकोष आणि मजुरी यांचा एकत्र विचार लागतो.

रेशनचं चित्र मात्र खरोखर बदललं. अंत्योदय योजनेत कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो, आणि २०२३ पासून ते मोफत. वर्षातून एकदा भरणारी कणगी आता दर महिन्याला थोडी थोडी भरते. ही साधी गोष्ट नाही. वर्षभराची जोखीम महिन्यावर आली.

पण रेशनवर प्रामुख्यानं गहू-तांदूळ. डाळ, तेल, मीठ, मिरची यांचं काय? याचं उत्तर २०२० मध्ये सरकारनंच नकळत देऊन टाकलं. करोनाच्या काळात बंद पडलेली खावटी एका वर्षासाठी परत आणली गेली, या वेळी कर्ज नव्हे, अनुदान : कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे खात्यात, निम्म्याच्या वस्तू. त्या वस्तूंत मटकी, चवळी, हरभरा, तूरडाळ, साखर, शेंगदाणा तेल, मिरची पावडर, मीठ, चहापत्ती असं सामान होतं. ही यादी मला ऐतिहासिक कागद वाटते. नुसत्या धान्यानं स्वयंपाकघर चालत नाही, हे शासन निर्णयाच्या भाषेत मान्य झालेलं तिथे दिसतं. आणि यादीत नागली नाही, खुरासणीचं तेल नाही, सुका जवळा नाही, हेही दिसतं. १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम असतं. तांदळात त्याच्या जवळपासही नाही. कणगी तांदळानं भरली म्हणजे ताट भरलं, असं म्हणता येत नाही.

सातवा प्रश्न, नव्यानं

दिवाळीनंतर या पाड्यांतली बरीच घरं बंद दिसतात. लोक भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, काही शिमग्याला येऊन जातात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेली रक्कम म्हणजे ‘उचल’. पावसाळ्यातल्या किराण्यासाठी उचल घ्यायची आणि हिवाळ्यात अंगानं फेडायची. दीडीची पायली गेली, तरी पावसाळ्यात खाऊन हिवाळ्यात फेडण्याचा क्रम अजून पुरता गेलेला नाही. खावटीचा इतिहास बंद फाईल नाही, असं मला वाटतं ते यामुळे.

माझी प्रश्नावली मी बदलली. सातव्या प्रश्नाचे चार प्रश्न झाले : शेवटची कणगी कधी भरली? तिच्यातलं पहिलं धान्य कुणाला दिलं? कोणत्या महिन्यात तळ दिसला? त्यानंतर काय खाल्लं? ‘हो / नाही’च्या चौकटी काढून टाकल्या. उत्तरं लांब आली, मांडायला त्रास झाला, तक्ते करायला जास्त महिने गेले. पण आता ती उत्तरं एकमेकांशी बोलतात.

तुमच्यासाठी तीन गोष्टी. एक, प्रश्नावली छापण्याआधी निदान पाच घरांत नुसतं बसा. दोन, मापाचा शब्द ऐकला की लगेच विचारा : कुणाची पायली, कशाची पायली, टरफलाची की कांडलेली? तीन, तुमच्या गृहीतकात दोष कुणाच्या पदरात टाकलाय, ते लिहून काढा. माझ्या गृहीतकात तो कणगी लिंपणाऱ्या बाईच्या पदरात होता, आणि तिची कणगी तर माझ्या प्रयोगशाळेतल्या डब्यांपेक्षा नीट निघाली.

दुसऱ्या फेरीत त्याच आजींकडे गेले तेव्हा कणगी नुकतीच भरलेली होती. मी विचारलं, यातलं पहिलं धान्य कुणाला दिलं? आजी म्हणाल्या, “देवीला. मग दुकानाची बाकी. मग आमी.” मी तसंच लिहून घेतलं, त्याच क्रमानं.